‘इनकरप्ट’ देह, ‘करप्ट’ फाईल आणि आपला भ्रष्टाचार

प्रश्न थोडक्यात असा आहे: “करप्शन म्हणजे भ्रष्टाचार, एवढंच शाळेपासून पाठ. जुन्या गोव्याच्या सहलीत एका माहितीपुस्तिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाला ‘इनकरप्ट बॉडी’ म्हटलेलं वाचलं आणि डोकं चक्रावलं. पेन ड्राइव्हमधली फाईलही करप्ट होते. एका जुन्या पुस्तकात तर ‘किर्की इज अ करप्शन ऑफ खडकी’ असं वाक्य आहे. यातला खरा अर्थ कोणता, आणि कुठे कोणता घ्यायचा हे ओळखायचं कसं?”

तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतोय आणि संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवण्याही घेतो. ‘किर्की हा खडकीचा भ्रष्टाचार आहे’ असं भाषांतर माझ्या एका विद्यार्थ्याने वहीत लिहून दाखवलेलं आहे, तेव्हा तुम्ही एकटे नाही. दोष विद्यार्थ्याचाही नाही. आपण शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द चिकटवून पाठ करतो आणि तो प्रतिशब्द निम्म्या ठिकाणी बसत नाही.

आधी शब्द उसवून पाहू. मूळ लॅटिन क्रियापद ‘रुम्पेरे’, म्हणजे मोडणं, फोडणं. त्याचे नातलग तुम्हाला माहीत आहेत: कानाचा पडदा फाटतो तो रप्चर, बोलणं मध्येच तोडलं की इंटरप्ट, ज्वालामुखी फुटला की इरप्ट, दिवाळं निघालं की बँकरप्ट. ‘रुम्पेरे’च्या आधी ‘पूर्णपणे’ अशा अर्थाचा उपसर्ग लागून ‘कोरुम्पेरे’ झालं. उपसर्गाचा शेवटचा वर्ण पुढच्या ‘र’मध्ये मिसळला, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन आर येतात. परीक्षेत एक आर खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. लॅटिनमध्येच या क्रियापदाला नासवणं, बिघडवणं, फितवणं, लाच देऊन फोडणं हे सगळे अर्थ होते. साक्षीदार ‘फोडला’, पक्ष ‘फोडला’ असं आपण म्हणतो, ते या मुळाच्या किती जवळ जातं बघा.

आपला ‘भ्रष्ट’ मात्र दुसऱ्या घरचा. संस्कृत धातू ‘भ्रंश्’, म्हणजे खाली पडणं, जागेवरून ढळणं. पदभ्रष्ट, स्थानभ्रष्ट, मार्गभ्रष्ट, गीतेतला योगभ्रष्ट, या सगळ्यांत कुणीतरी असायला हवं तिथून घसरलेलं आहे. सोवळ्यातलं माणूस कुणी शिवलं की भ्रष्ट होई, ते याच हिशोबाने. म्हणजे आपल्या शब्दात घसरण आहे आणि इंग्रजी शब्दात आतून होणारी नासाडी आहे. पडलेली वस्तू धडधाकट असू शकते, नासलेली नसते. म्हणूनच ‘आंबा भ्रष्ट झाला’ असं आपण म्हणत नाही.

माझ्या मते ‘करप्ट’ला मराठीत सर्वांत जवळचं क्रियापद ‘नासणं’ किंवा ‘नासवणं’ हे आहे. कोशात ते पहिल्या ओळीत सापडणार नाही, पण करून बघा. दूध नासतं. आढीतला एक आंबा नासला की शेजारचे नासवतो. वाईट संगतीने पोरगं नासतं. कारभार नासतो. हे चित्र मनात धरलं की अनोळखी वाक्यात फक्त एक प्रश्न विचारायचा: इथे आधी चांगलं, सबंध असं काय होतं, जे नासलं? उत्तर शरीर असेल तर ‘कुजणं’, माणसाची वृत्ती असेल तर ‘बिघडणं’, सार्वजनिक पद असेल तर ‘भ्रष्टाचार’, शब्द असेल तर ‘अपभ्रंश’, ग्रंथ असेल तर ‘अशुद्ध पाठ’, फाईल असेल तर… त्याकडे येऊच.

आता तुमची पुस्तिका. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. पुढे त्यांचा देह गोव्यात आणला गेला आणि आज तो जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकेत आहे. देह कुजला नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कॅथलिक परंपरेत अशा देहाला ‘इनकरप्ट’ म्हणतात. दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी खाली आणतात. गेला सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. ‘गोंयच्या सायबा’च्या संदर्भात ‘भ्रष्टाचारमुक्त देह’ असं कुणी लिहिलं तर हसू येईल, पण शब्दकोश हातात घेऊन भाषांतर करणारा नवखा माणूस नेमका तिथेच पोचतो. ‘न कुजलेला देह’ एवढं साधं पुरतं. भक्तिपर मजकूर असेल तर ‘अविकृत’.

हा शारीरिक अर्थ बोलचालीच्या इंग्रजीतून जवळजवळ गेला आहे, पण जुन्या लेखनात भरपूर भेटतो. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये पृथ्वीवर धन साठवू नका, कारण तिथे ‘मॉथ अँड रस्ट डथ करप्ट’ असं म्हटलं आहे. मॉथ म्हणजे कसर, रस्ट म्हणजे गंज. कसर काही लाच घेत नाही. ती लुगडं खाते. त्या काळच्या मजकुरात प्रेत, जखम, पू यांच्या आसपास ‘करप्शन’ दिसला तर डोळे झाकून ‘कुजणं’ घ्या.

त्याच्या शेजारचा अर्थ माणूस बिघडवण्याचा. इसवी सनापूर्वी ३९९मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. नगराचे देव न मानणं आणि तरुणांना बिघडवणं असे आरोप होते. दुसऱ्या आरोपाचं इंग्रजी ‘करप्टिंग द यूथ’. सॉक्रेटिसने पोरांना पैसे चारले नव्हते. त्यांना प्रश्न विचारायला शिकवलं, आणि आयांना-बापांना वाटलं, हा आमची पोरं नासवतोय. इथे ‘नासवणं’ इतकं चपखल बसतं की मी वर्गात दुसरा शब्द वापरतच नाही.

लॉर्ड अ‍ॅक्टन या इंग्रज इतिहासकाराचं १८८७च्या एका पत्रातलं वाक्य तुम्ही निबंधात वापरलं असेलच: ‘पॉवर टेंड्स टु करप्ट, अँड अ‍ॅब्सोल्यूट पॉवर करप्ट्स अ‍ॅब्सोल्यूटली.’ दोन गोष्टी बघा. पहिली, ‘टेंड्स टु’. मुलं ते गाळून ‘पॉवर करप्ट्स’ लिहितात. अ‍ॅक्टन म्हणतात की सत्तेचा कल बिघडवण्याकडे असतो. बेफाम, अनिर्बंध सत्तेबद्दल मात्र ते कलाची भाषा सोडून ठामपणे बोलतात. वाक्याची सगळी धार या फरकात आहे. दुसरी गोष्ट, हे पत्र त्यांनी मॅन्डेल क्रायटन या इतिहासकार पाद्रीला लिहिलं होतं आणि विषय होता पोप-राजांसारख्या थोरामोठ्यांना इतिहासात कुठल्या मापाने मोजायचं हा. पाकिटाचा संबंध नाही. ‘सत्ता भ्रष्ट करते’ हे भाषांतर चालतं, कारण तिथे ‘भ्रष्ट’ आपल्या जुन्या, घसरणीच्या अर्थाने येतो. ‘सत्तेमुळे भ्रष्टाचार होतो’ केलंत की गेलं.

आता पैशांकडे. इथे मी स्वतः तोंडघशी पडलेलो आहे, ते सांगतो.

डिसेंबर १९९५. एका दैनिकात रात्रपाळीला होतो. वृत्तसंस्थेची बातमी आली: विलेपार्ल्याच्या १९८७च्या पोटनिवडणुकीतली डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, कारण ‘करप्ट प्रॅक्टिस’. मी धडाधड मराठी केलं आणि मथळा दिला, ‘भ्रष्टाचारामुळे आमदारकी रद्द’. वृत्तसंपादकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “किती खाल्ले रे?”

“काय किती?”

“पैसे. भ्रष्टाचार म्हणतोयस ना?”

“पैसे नाहीत साहेब. भाषणं आहेत. धर्माच्या नावावर मतं मागितली.”

“मग लोकांना सकाळी काय वाटेल?”

मथळा बदलला, आणि मी त्या रात्री १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात ‘करप्ट प्रॅक्टिसेस’ची यादीच आहे. लाच हा पहिला प्रकार आहे खरा, पण पुढे मतदारावर गैरवाजवी दबाव आणणं, धर्म-जात-भाषेच्या नावावर मतं मागणं, उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटी विधानं छापणं, मतदारांना फुकट गाडीने केंद्रावर नेणं, निवडणुकीसाठी सरकारी नोकरांची मदत घेणं, असं बरंच काही आहे. १२ जून १९७५ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली तीही ‘करप्ट प्रॅक्टिस’वरून, आणि तिथेही मुद्दा सरकारी माणसांचा वापर निवडणुकीत केल्याचा होता. देशाचा इतिहास ज्या शब्दाने वळला, त्या शब्दात रुपयाचा संबंध नव्हता. नासली होती ती निवडणूक. तेव्हापासून मी ‘निवडणुकीतील गैरप्रकार’ असं लिहितो आणि कलमाचा आकडा सोबत देतो.

उलट १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा नावात ‘करप्शन’ मिरवतो, पण व्याख्यांच्या कलमात त्या शब्दाची व्याख्याच देत नाही. कायदा लोकसेवक कोण हे सांगतो, आणि २०१८च्या दुरुस्तीनंतर ‘अनड्यू अ‍ॅडव्हान्टेज’, म्हणजे गैरवाजवी लाभ, कशाला म्हणायचं तेही सांगतो. बर्लिनमध्ये १९९३ला स्थापन झालेल्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची व्याख्या जास्त ऐकलेली: विश्वासाने सोपवलेल्या अधिकाराचा खाजगी फायद्यासाठी गैरवापर. तीत पैसा हा शब्दही नाही. भाच्याला कंत्राट दिलं, रुपया घेतला नाही, तरी ते करप्शन. लाच हा त्यातला एक प्रकार. आपल्या राज्याच्या खात्याचं इंग्रजी नाव ‘अँटी करप्शन ब्यूरो’, मराठी नाव ‘लाचलुचपत प्रतिबंधक विभाग’. इंग्रजी शब्द आख्ख्या वाड्याचा, मराठी शब्द त्यातल्या एका खोलीचा. पण ‘लाचलुचपत’ ऐकलं की काय ते लगेच कळतं, म्हणून मला ते नाव आवडतं.

मराठीत या खोलीत सामान खच्चून भरलेलं आहे: चिरीमिरी, चहापाणी, वरकमाई, हात ओले करणं, फाईलवर वजन ठेवणं, टक्केवारी, मलिदा, खाबूगिरी. इंग्रजी शिकणाऱ्यांची अडचण ही की एवढी श्रीमंती घरात असताना इंग्रजीत आल्यावर सगळ्याला ‘करप्शन’ म्हणून मोकळे होतात. इंग्रजीतही वेगळे शब्द आहेत. लाच ती ब्राइब. कंत्राटदाराकडून परत येणारा कट तो किकबॅक. ताब्यातल्या पैशांची अफरातफर ती एम्बेझलमेंट. धमकावून उकळणं ते एक्स्टॉर्शन. नातेवाइकांची वर्णी लावणं ते नेपोटिझम. वाक्यात नेमकी कृती माहीत असेल तर नेमका शब्द वापरा; ‘करप्शन’ हा गोळाबेरजेचा शब्द आहे.

भाषेतला अर्थ मला सगळ्यांत प्रिय, आणि इथे मराठी माणसाला घरचाच आधार आहे. पुण्याजवळच्या खडकीचा उच्चार इंग्रजांना जमेना, त्यांनी ‘किर्की’ केलं. १८१७ची खडकीची लढाई त्यांच्या इतिहासात किर्कीची लढाई म्हणून नोंदली गेली. अशा बदललेल्या रूपाला जुने इंग्रज लेखक ‘अ करप्शन ऑफ’ म्हणत. मराठीत ‘अपभ्रंश’. पुन्हा तोच ‘भ्रंश्’ धातू! म्हणजे ‘भ्रष्टाचार’ आणि ‘अपभ्रंश’ हे सख्खे भाऊ, आणि इंग्रजीत दोघांना एकच नाव. पतंजलीने महाभाष्य या संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात सांगितलं आहे की एकेका शब्दाचे पुष्कळ अपभ्रंश असतात, आणि उदाहरण दिलं आहे ‘गौः’चं: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. आपली ‘गाय’ही त्याच कळपातली.

आपणही परतफेड केली आहे. रिक्रूटचा रंगरूट झाला, लॉर्ड साहेबाचा लाटसाहेब. आणि मोहरममधला ‘या हसन, या हुसेन’ हा घोष ऐकून गोऱ्या सोजिरांनी त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ करून टाकलं. १८८६मध्ये निघालेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशाला तेच नाव मिळालं. हल्लीचे भाषाशास्त्रज्ञ मात्र ‘करप्शन’ म्हणायचं टाळतात. मूळ रूप शुद्ध आणि नंतरचं नासकं, असा निवाडा त्या शब्दात दडलेला आहे, आणि ‘गाय’ नासकी आहे असं कोण म्हणेल? तुम्ही स्वतः लिहिताना ‘बदललेलं रूप’ या अर्थी ‘व्हेरिअंट’ किंवा ‘ऑल्टर्ड फॉर्म’ लिहा. वाचताना मात्र जुना शब्द ओळखता यायला हवा.

शब्दासारखाच ग्रंथ. हाताने नकला करताना लेखनिकाची ओळ सुटते, समासातली टीप मजकुरात शिरते, न कळलेल्या जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसतो. अशा पोथीला इंग्रजीत ‘करप्ट टेक्स्ट’ म्हणतात. याचं सर्वांत सुंदर वर्णन आपल्याकडे आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी लिहून ठेवलं की ग्रंथ पूर्वीपासून अतिशुद्धच आहे, पण ‘पाठांतरीं शुद्ध अबद्ध’ झालं होतं. मूळ नीट होतं, हातोहाती जाताना बिघडलं: ‘टेक्स्च्युअल करप्शन’ची याहून नेटकी व्याख्या मी वाचलेली नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षं महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांवर हेच काम केलं. तिथल्या इंग्रजी टिपांसारखं काही वाचताना ‘करप्ट रीडिंग’ दिसलं तर ‘अशुद्ध पाठ’ किंवा ‘भ्रष्ट पाठ’ घ्या.

फाईलचं करप्ट होणं म्हणजे आजच्या लेखनिकाची चूक. पेन ड्राइव्हवर मजकूर उतरत असताना तो उपटला की अर्धे तुकडे लिहिले जातात, अर्धे नाहीत. कधी मजकूर शाबूत राहतो पण तो कुठे ठेवलाय ती नोंदच बिघडते. मराठीत आपण ‘फाईल करप्ट झाली’ म्हणतो आणि माझी त्याला हरकत नाही. आमच्या छपाईच्या जगात ‘फाईल करपली’ असंही ऐकलंय. करपण्याचा इंग्रजी शब्दाशी काडीचा संबंध नाही, पण करपलेल्या भाकरीसारखी ती कुणाच्या कामाची राहत नाही, म्हणून शब्द टिकलाय. एक खबरदारी: जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला आणि चिन्हांचा लगदा दिसला तर ती फाईल करप्ट नसते. मजकूर आत सुखरूप असतो, फक्त फॉन्ट नसतो. त्याला इंग्रजीत ‘गार्बल्ड’ म्हणा. हा फरक न कळल्यामुळे लोकांनी चांगल्या फायली पुसून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

एक विचित्र अर्थ जाता जाता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात राजद्रोह्याचं ‘करप्शन ऑफ ब्लड’ होई. रक्तदोष वगैरे काही नाही. त्याच्यामार्फत मुलाबाळांना वारसाहक्क मिळत नसे, जणू रक्ताचं नातंच नासलं. तिथे हे १८७०मध्ये संपलं. अमेरिकेच्या राज्यघटनेत तिसऱ्या अनुच्छेदात हा शब्दप्रयोग अजून वाचायला मिळतो, अशा शिक्षेला मर्यादा घालण्याच्या ओघात.

आता ओळखायचं कसं. व्याकरण बरंच सांगून जातं. लाचखोरीच्या अर्थी ‘करप्शन’ मोजता येत नाही, म्हणून त्याच्याआधी ‘अ’ येत नाही आणि शेवटी ‘एस’ लागत नाही. ‘अ करप्शन ऑफ’ दिसलं की बहुतेक वेळा शब्दाच्या अपभ्रंशाची गोष्ट चालली आहे असं समजा. ‘करप्शन ऑफ’च्या पुढे जे येतं ते नासलेलं असतं, ‘करप्शन इन’च्या पुढे येतं ते ठिकाण, जसं ‘करप्शन इन द पोलीस फोर्स’. विशेषणातही गंमत आहे. फाईल ‘करप्ट’ आणि ‘करप्टेड’ दोन्ही चालते. अधिकारी मात्र ‘करप्ट’. ‘करप्टेड ऑफिसर’ म्हटलंत तर, चांगला होता बिचारा, कुणीतरी बिघडवला, असा सूर निघतो. उच्चार करताना जोर शब्दाच्या दुसऱ्या तुकड्यावर, ‘रप्’वर द्या, पहिलं ‘क’ हलकं सोडा.

आणि माझ्या वर्गात दर वर्षी हमखास येणारी चूक. मराठीत भ्रष्टाचार ‘करतात’, म्हणून मुलं लिहितात, ‘ही डिड करप्शन ऑफ फाइव्ह लॅक्स’. इंग्रजीत करप्शन कुणी ‘डू’ करत नाही. ‘ही टुक अ ब्राइब ऑफ फाइव्ह लाख रुपीज’ म्हणा, किंवा ‘ही वॉज इन्व्हॉल्व्ड इन करप्शन’. गेल्या वर्षी एका मुलीला हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, “सर, पण खातात ना?” मराठीत खातात, बाई. इंग्रजीत नुसतेच घेतात.